सहा-सात सेकंदांचा ठेका

इंग्लंडमधील ‘ड्रम अँड बेस’ संगीताचे रसिक दोन ध्वनिमुद्रिकांची तुलना हिरिरीने करतात. गोल्डीच्या ‘टाइमलेस’मधील (१९९५) शीर्षकरचना एकवीस मिनिटांची, धावत्या, तुटक ठेक्यांवर तंतुस्वर संथपणे पसरतात, जणू विलंबित आणि द्रुत एकाच वेळी चालावेत! रोनी साइझ व त्याच्या सहकाऱ्यांच्या ‘न्यू फॉर्म्स’ने १९९७ साली मर्क्युरी पारितोषिक मिळविले, तीत यंत्राच्या जोडीला डबल बेसचा जिवंत हात आहे. धाडस मात्र पहिलीतच अधिक. परंतु या संगीतप्रकाराचा पाया निराळाच. १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’ या अमेरिकन ध्वनिमुद्रिकेतील सहा-सात सेकंदांचे ड्रमवादन कापून, उलटसुलट जोडून असंख्य रचना घडल्या. तो वादक ग्रेगरी कोलमन २००६ साली बेघर अवस्थेत वारला. त्या ठेक्याचे मानधन त्यास कधीच मिळाले नाही. २०१५ मध्ये रसिकांनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड दिले, ते पथकप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना.