म्हाइंभटांची कसोटी : महानुभाव संहितांचे प्रकाशन आणि संशोधकाची नीती

मराठीतील संशोधनव्यवहाराचा इतिहास आपण बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहीत आलो आहोत. कोणती पोथी कोणाला कोणत्या मठात सापडली, कोणत्या शिलालेखाचे वाचन कोणी दुरुस्त केले, याच्या नोंदी आपल्या वाङ्मयेतिहासांत विपुल आहेत. पण ती पोथी कोणत्या अटीवर हाती आली, देणाऱ्याला तिचे पुढे काय होणार हे ठाऊक होते काय, आणि ती छापणाऱ्याने वाचकापासून काही राखून ठेवले काय, हे प्रश्न प्रस्तावनेतील ऋणनिर्देशापलीकडे क्वचितच जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यप्रतिबंधाची नियमावली काढली, पुढे संशोधन व प्रकाशन यांच्या नीतिशास्त्राचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अनिवार्य केला, आणि 'संशोधनाची नीतिमत्ता' हा शब्दप्रयोग महाविद्यालयांतून सर्वतोमुखी झाला. त्याबरोबर एक समजही रूढ झाला, की ही कल्पना बाहेरून आलेली असून आपल्या ग्रंथव्यवहाराला ती अपरिचित होती. तो समज कितपत खरा आहे हे महानुभाव संहितांच्या प्रकाशनाच्या संदर्भात तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बुलढाणा जिल्ह्याशी या विषयाचा संबंध दुहेरी आहे. चक्रधरस्वामींच्या परिभ्रमणात लोणार आणि मेहकर ही स्थाने येतात; आणि लीळाचरित्राचे सर्वाधिक गाजलेले संपादन ज्यांनी केले ते डॉ. वि. भि. कोलते याच जिल्ह्यातील नरवेल या गावी १९०८ साली जन्मले. चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावात बसून जो अभ्यासक लीळाचरित्र वाचतो, त्याच्या हाती छापील प्रत तेवढी असते. रिद्धपूरच्या मठातील पोथी त्याला पाहावयास मिळत नाही, नागपूरच्या संग्रहातीलही नाही. पाठ कोणत्या पोथीतला, कोठे दुरुस्त केला, काय गाळले, हे संपादक सांगेल तितकेच त्याला कळणार. संशोधकाच्या नीतीचा प्रश्न खरा उभा राहतो तो येथे. ग्रंथालयांच्या शहरात राहणारा समीक्षक संपादकाला पडताळून पाहू शकतो. उंद्रीच्या वाचकाला त्याच्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

लीळाचरित्र हा ग्रंथच मुळी प्रामाण्याच्या चिंतेतून जन्माला आला, हे आपण पुरेसे लक्षात घेत नाही. चक्रधरांच्या प्रयाणानंतर, शके १२००च्या सुमारास, म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा जमविण्याचे काम हाती घेतले. ज्यांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिले होते, ज्यांच्याशी स्वामी बोलले होते, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी लीळा टिपल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. म्हणजे प्रथम साक्षीदार, नंतर जाणत्याची मान्यता, आणि मग लेखन असा हा क्रम आहे. मराठी गद्याच्या प्रारंभकाळीच लेखकाने स्वतःवर घातलेले हे बंधन आहे. आजच्या परिभाषेत त्याला क्षेत्रकार्य आणि तज्ज्ञपरीक्षण म्हणता येईल. पण तसे म्हणण्याची घाई करू नये, कारण म्हाइंभटांची प्रेरणा भक्तीची होती, ज्ञानशास्त्राची नव्हे. विलक्षण गोष्ट अशी, की भक्तीने येथे चिकित्सेला आडकाठी केली नाही. स्वामींचा शब्द जसाच्या तसा राहिला पाहिजे, या श्रद्धेमुळेच तो कोणी ऐकला, हे सांगणे अगत्याचे ठरले.

पुढील घटनेने या वृत्तीची परीक्षाच झाली. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत, महानुभाव जिला 'खालशाची धाड' म्हणतात त्या आपत्तीत, म्हाइंभटांची मूळ प्रत गेली. पंथातील मंडळींनी आपापल्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, आणि साहजिकच पाठ वेगळे झाले. अशा वेळी एक पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकणे सोपे होते. परंपरेने तसे केले नाही. हिराइसांचा पाठ, परशरामबासांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ असे पाठ त्या त्या व्यक्तींच्या नावाने ओळखले जात राहिले, आणि पोथ्यांतून 'वासना' या नावाने पाठभेद नोंदले गेले. 'वासना' हा शब्द या अर्थाने मराठीत अन्यत्र आढळत नाही. आधुनिक पाठचिकित्सक तळटीपांतून जे करतो ते या लेखकांनी संहितेच्या अंगातच केले. यातील नैतिक आशय असा, की आपल्या माहितीची मर्यादा वाचकाला दिसू देणे हे लेखकाचे कर्तव्य आहे.

दक्षतेची ही जाण केवळ महानुभावांपुरती नव्हती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली आणि अखेरीस पुढच्यांना बजावून ठेवले, की यात कोणी आपली ओवी घालू नये. तथापि एकनाथांनी पाठ निवडताना कोणत्या प्रतींतून काय सोडले, हे आपणास कळत नाही. महानुभावांच्या 'वासना' ते कळू देतात. शुद्ध पाठ देणे आणि पाठांचा इतिहास देणे ही दोन भिन्न कर्तव्ये आहेत, आणि वाचकाच्या दृष्टीने दुसरे अधिक मोलाचे आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद केले, हा वरवर पाहता विरोधाभास आहे. सकळ लिपीचे कर्तृत्व परंपरा रवळोबासांकडे देते. तिच्याखेरीज सुंदरी आदी इतरही लिप्या होत्या. परिणाम असा झाला, की कित्येक शतके पंथाबाहेरच्या जगाला हे वाङ्मय दिसलेच नाही, आणि न दिसलेल्या गोष्टीविषयी बोलणाऱ्यांना रान मोकळे मिळाले. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवरील आपला बहुखंडी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील 'मानभाव' या प्रकरणात पंथाच्या संस्थापकाविषयी जी कथा दिली आहे, तीत चक्रधरांचा पत्ता नाही. कोणा कृष्णभटाची आणि त्याच्या जादूच्या टोपीची गोष्ट आहे. ती पंथाच्या निंदकांच्या तोंडची आहे हे उघड दिसते. ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांना न विचारता, त्यांच्या विरोधकांचे ऐकून लिहिणे हा दोष साम्राज्यकालीन नोंदींत वारंवार आढळतो, आणि एकदा छापले गेलेले पुढच्या छापील पानांवर उतरत राहते. म्हाइंभटांच्या कसोटीला हे प्रकरण क्षणभरही टिकले नसते. सांगणारा कोण, त्याने काय पाहिले, एवढे दोनच प्रश्न त्याला पुरेसे होते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हे दार उघडले. वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी सकळ लिपीचा उलगडा झाला, पंथातील काही महंतांनीही विश्वासाने पोथ्या दाखविल्या, आणि १९१९च्या 'महाराष्ट्र सारस्वता'त महानुभाव वाङ्मयाला हक्काचे स्थान मिळाले. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ साली आले, नागपूरच्या ह. ना. नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्र भागशः छापण्यास आरंभ केला. या सर्वांचे ऋण मोठे आहे. पण कुलूप फोडणे आणि किल्ली मिळणे यांत अंतर आहे, आणि आपल्या वाङ्मयेतिहासांनी ही दोन्ही कृत्ये 'उलगडा' या एकाच विजयी शब्दात गुंडाळली. ज्या महंतांनी पोथी दिली, त्यांची नावे आज किती जणांच्या स्मरणात आहेत?

राजवाड्यांविषयी येथे थोडे थांबावे लागेल. कागदपत्राच्या आधारावाचून बोलू नये, हा दंडक आपल्या इतिहासलेखनाला त्यांनीच घालून दिला. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे त्यांचे खंड १८९८ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यांच्या प्रस्तावनांतील आवेश आज कोणाला खटकेलही, पण कागदांविषयीची त्यांची निष्ठा निर्विवाद होती. आणि तरीही १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून त्यांनी जी ज्ञानेश्वरी छापली, तिची बीड-पाटांगणची मूळ पोथी पुढे कोणालाही पडताळणीसाठी मिळाली नाही. तिच्या नाहीशा होण्याविषयी ज्या आख्यायिका आहेत त्यांत शिरण्याचे कारण नाही. घडले ते इतकेच, की एका थोर संशोधकाच्या शब्दावर मराठीची एक संहिता उभी राहिली आणि १९६०च्या शासकीय आवृत्तीलाही तीच आधार झाली. राजवाड्यांनी खोटे केले असे मानण्यास जागा नाही. पण त्यांचा खरेपणा सिद्ध करण्याचे साधनही त्यांच्याबरोबर गेले, आणि ज्ञानव्यवहारात ही हानी लहान नव्हे. साधन जपून ठेवणे हा संशोधकाच्या नीतीचा भाग आहे, हे या उदाहरणाइतके स्पष्टपणे दुसरे कोणतेही सांगत नाही.

डॉ. कोलत्यांचे लीळाचरित्र १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. भास्करभट्ट बोरीकरांवरील १९३५च्या ग्रंथापासून, महानुभावांचे तत्त्वज्ञान आणि आचारधर्म यांवरील पुस्तकांतून चालत आलेल्या चार दशकांच्या व्यासंगाचे ते फळ होते. अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली ही आवृत्ती अभ्यासकांनी उचलून धरली. पंथातून मात्र तिच्यावर तीव्र आक्षेप आले. त्यातील काही लीळा प्रक्षिप्त आहेत, स्वामींची अवहेलना करणाऱ्या आहेत, त्या छापावयास नको होत्या, अशी महंतांची भूमिका होती. वाद न्यायालयापर्यंत गेला आणि ग्रंथाच्या प्रसारावर निर्बंध आले.

या वादाविषयी आपल्याकडे दोन सोपी मते आहेत. एक असे, की संशोधकाला सत्य छापण्याचा निरपवाद अधिकार आहे आणि विरोध म्हणजे धर्मांधता. दुसरे असे, की ग्रंथ पंथाचा आहे आणि पंथाला नको असेल तर तो छापता कामा नये. दोन्ही मते महानुभावांच्या स्वतःच्या परंपरेपेक्षा उणी आहेत. लीळा गाळून शुद्ध ग्रंथ देणे ही म्हाइंभटांची रीत नव्हती. नकोसा पाठ पुसणे ही 'वासना' लिहिणाऱ्यांचीही नव्हती. त्या अर्थाने कोलते परंपरेशी अधिक इमानी होते, आणि पोथीत जे आहे ते छापले याबद्दल त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. पण महंतांच्या तक्रारीत एक खरा प्रश्न होता, तो निर्बंधाच्या गदारोळात हरवला. ज्या विश्वासाने पोथ्या बाहेर आल्या, तो पठणाचा आणि उपासनेचा विश्वास होता. सरकारी मुद्रणात कोणाच्याही हाती पडणाऱ्या ग्रंथाचा नव्हता. देणाऱ्याने एका कामासाठी दिलेली वस्तू दुसऱ्या कामी लावताना त्याच्याशी पुन्हा बोलले पाहिजे. विवाद्य लीळा कोणत्या पाठात आहेत, कोणत्यांत नाहीत, पंथ त्यांना काय म्हणतो, हे त्या त्या लीळेपाशीच, वासनांच्या धर्तीवर, पंथातील जाणत्यांच्या नावानिशी छापले गेले असते, तर आक्षेप थांबले असते असे मी म्हणत नाही. पण आक्षेपकांना ग्रंथाच्या आत जागा मिळाली असती, आणि उंद्रीच्या वाचकाला दोन्ही बाजू एकाच पानावर दिसल्या असत्या.

सांगणाऱ्याचे नाव न देण्याने काय घडते याचे दाहक उदाहरण याच जिल्ह्याच्या भूमीशी निगडित आहे. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा. जेम्स लेन यांच्या शिवाजीविषयक इंग्रजी ग्रंथाने २००३ साली त्यांच्यासंबंधीच्या एका ऐकीव कुचेष्टेला, ती कोणी, कोठे, कधी सांगितली याचा निर्देश न करता स्थान दिले. त्याच ग्रंथाच्या आभारप्रदर्शनात मात्र पुण्यातील विद्वानांची आणि संस्थेची नावे होती. परिणाम सर्वज्ञात आहे. डिसेंबर २००३ मध्ये आभारातील एका संस्कृत पंडितांच्या तोंडाला काळे फासण्यात आले आणि ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची नासधूस झाली. या हिंसेचे समर्थन कोणत्याही मार्गाने होऊ शकत नाही. ग्रंथावरील बंदी न्यायालयात टिकली नाही, हेही योग्यच झाले. पण लेखनाच्या नीतीचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. जेथे नाव द्यावयास हवे होते तेथे ते नव्हते, आणि जेथे नावे होती तेथील माणसांना, आपण कोणत्या मजकुराच्या सावलीत उभे केले जात आहोत, याची कल्पना नव्हती. ऋणनिर्देश हा शिष्टाचार समजला जातो; प्रसंगी तो जबाबदारीचे ओझे दुसऱ्याच्या शिरावर ठेवतो.

आता आयोगाच्या नियमावलीकडे वळू. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही, चाळीसपर्यंत प्रबंध सुधारून द्यावयाचा, साठपर्यंत वर्षभर बंदी, त्यापुढे नोंदणी रद्द, अशी तिची प्रतवारी आहे. शब्दांची उचल मोजण्यास ती उपयोगी आहे, आणि उचलेगिरीचा सुकाळ पाहता आवश्यकही. परंतु रसेलचे प्रकरण या चाळणीतून निर्दोष सुटले असते, कारण ऐकीव निंदा स्वतःच्या शब्दांत लिहिली की साम्य शून्य. राजवाड्यांची हरवलेली पोथीही तीत सापडत नाही. पोथी राखणारा महंत तर या नियमावलीत कोठेच नाही; तीत आहेत ते विद्यार्थी, मार्गदर्शक, विद्यापीठ आणि यंत्र. नियतकालिकांच्या बाबतीतही तेच. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतून मे २०१८ मध्ये ४३०५ नियतकालिके वगळावी लागली, पुढे पुण्याच्या विद्यापीठात विभाग स्थापून नवी यादी करण्यात आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून निवडीचा भार विद्यापीठांवर व महाविद्यालयांवर टाकण्यात आला.

अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील एखाद्या महाविद्यालयात मराठीचा प्राध्यापक आज महानुभाव पोथीवर लेख लिहू लागला, तर त्याला साम्याचा दाखला मागितला जाईल. पोथी कोणाकडून घेतली, तिची छायाप्रत त्या मठाला परत दिली काय, आणि वाचनाचा निष्कर्ष पोथी देणाऱ्याला छपाईपूर्वी दाखविला काय, हे मात्र कोणी विचारणार नाही. या तिन्ही गोष्टी त्याने विचारण्याआधीच लेखाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात.