माल हलवायचा की पेटी?

रुळांची रुंदी शिकवताना मिरज जंक्शनचे उदाहरण आम्हाला फार उपयोगी वाटते. १९७० व १९८० च्या दशकांत येथे तीन मापांचे रूळ एकत्र येत: पुणे-सातारा-मिरज हा ब्रॉडगेज (१.६७६ मीटर), लोंढ्याकडचा मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडचा नॅरोगेज (०.७६२ मीटर). एका मापाची वाघीण दुसऱ्या मापाच्या रुळांवर चालत नाही. म्हणजे हळदीचे पोते एका वाघिणीतून उतरवा, दुसरीत भरा! वेळ, हमाली आणि नासाडी, तिन्ही वाढणार.

यातला नॅरोगेज १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा. तिचे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १९०४ मध्ये इंग्लंडमधील लीक-मॅनिफोल्ड मार्गावर एक युक्ती योजली. मोठ्या मापाची भरलेली वाघीणच त्यांनी अरुंद रुळांवरच्या खास गाड्यावर चढवली. माल जागचा हलला नाही. फक्त खालची चाके बदलली.

याच विचाराची पुढची पायरी म्हणजे कंटेनर. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ जहाजावर ट्रकच्या चासीवरून सोडवलेल्या ५८ पेट्या चढल्या. आज पेटीच्या चारही कोपऱ्यांना पोलादी खोबणी असते. चासीवरचा खटका तीत शिरून फिरला की पेटी पक्की बसते. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले. तासगावची द्राक्षे थंड कंटेनरांतून तेथे जातात.

पेटी सुटी झाली, तरी चासी किती लागतील? समजा, साताऱ्याच्या एका कारखान्यातून रोज ५ कंटेनर बंदराकडे निघतात. भरायला, जायला, बंदरात रिकामे व्हायला आणि परतायला एकेक दिवस लागतो. म्हणजे ५ × ४ = २० चासी हव्यात. बंदरात एक दिवस खोळंबा झाला, की २५! माल तेवढाच, पाच चासी नुसत्या रांगेसाठी. उलट पेटी जवळच्या स्थानकावर रेल्वेत चढवली आणि चासी त्याच दिवशी परतली, तर ५ पुरतात. मात्र गाडी भरेपर्यंत पेटी थांबते आणि द्राक्षांना थांबणे परवडत नाही.

चासींची संख्या मालाइतकीच वेळेवरही अवलंबून असते. मुलांना बाजार समितीच्या आवारात न्यावे आणि ट्रक किती तास चालले यापेक्षा किती तास उभे राहिले, ते मोजायला सांगावे.