कमी ऐकू येणाऱ्या बाळाला बोलायला शिकवताना मोबाइल कुठे कामी येतो आणि कुठे नाही

घरातल्या एखाद्या बाळाला कमी ऐकू येतं असं निदान झालं की त्या घरातल्या सगळ्यात 'मोबाइलवाल्या' माणसाला पहिला फोन येतो. आमच्या घरात तो माणूस मी. माझ्या भाचीला १३ महिन्यांची असताना दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लागली आणि ताईने मला विचारलं, "तुला एवढी ॲप्स माहीत असतात, हिला बोलायला शिकवणारं एखादं सांग ना." तेव्हापासून मी बरीच ॲप्स आणि सेटिंग्ज तपासली, ताईबरोबर थेरपीच्या सेशनलाही बसलो. उद्या तुमच्या ताईचा किंवा वहिनीचा असाच फोन आला तर काय सांगायचं, ते या लेखात आहे.

उत्तर आधीच देऊन टाकतो. ज्याच्या हातात बाळ सोपवून आपण स्वयंपाकाला लागावं आणि ते बोलायला शिकावं, असं ॲप नाही. बोलायला माणूस शिकवतो. मोबाइलचा उपयोग त्या माणसाला होतो, आणि तो चांगलाच होतो.

कमी ऐकू येणं म्हणजे नक्की काय?

बऱ्याच जणांना वाटतं की कमी ऐकू येणं म्हणजे टीव्हीचा व्हॉल्यूम कमी केल्यासारखं. पण अनेक मुलांना आवाजाचा काही भाग ऐकू येतो आणि काही भाग येतच नाही. बोलण्यातले जाड आवाज, म्हणजे 'म' किंवा 'ऊ', साधारण २५० हर्ट्झच्या आसपास सुरू होतात. 'स' मात्र ४००० हर्ट्झच्याही वर असतो आणि मुळातच हळू असतो. त्यामुळे मूल हाक मारली की वळतं, दार आपटलं की दचकतं, आणि तरीही त्याला 'स' कधीच ऐकू आलेला नसतो.

मराठीत हा 'स' फार कामाचा आहे. 'तू जातेस', 'तू जेवलास', 'तू आलीस' यांत समोरच्याशी बोलतोय हे शेवटच्या 'स'वरून कळतं. जे मूल 'स' ऐकत नाही ते 'तू जाते' म्हणतं आणि आपण त्याला बोबडं समजतो. मूल जे ऐकतं तेच बोलतं, एवढं साधं गणित आहे. ओठ बघून ओळखेल म्हणाल, तर आरशासमोर उभं राहून 'पाळ, बाळ, माळ' म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ अगदी सारखेच हलतात.

म्हणूनच घरी मागून थाळी वाजवून घेतलेली परीक्षा काही कामाची नाही. थाळीचा आवाज मोठा असतो, त्यात सगळ्या प्रकारचे सूर असतात, शिवाय बाळ सावली बघूनही वळतं. खऱ्या चाचण्या दोन. पहिली ओएई : कानात छोटा प्रोब ठेवून आवाज सोडतात आणि आतल्या कानातून परत येणारा बारीक प्रतिसाद मोजतात. काही मिनिटांचं काम असतं. दुसरी बेरा : बाळ झोपलेलं असताना डोक्याला इलेक्ट्रोड लावून आवाजाचा सिग्नल मेंदूच्या दिशेने जातोय का ते बघतात. दोन्हींत बाळाला काही दुखत नाही.

जगभर यासाठी १-३-६ हा नियम सांगतात : १ महिन्याच्या आत तपासणी, ३ महिन्यांच्या आत पक्कं निदान, ६ महिन्यांच्या आत यंत्र आणि थेरपी सुरू. आपल्याकडे "याचे बाबाही उशिराच बोलले" या एका वाक्यात दीड-दोन वर्षं सहज निघून जातात. पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत मेंदू आवाजासाठी सगळ्यात जास्त तयार असतो. आवाज पोहोचला नाही तर तो भाग हळूहळू दुसऱ्या कामाला लागतो. घाई आहे ती यासाठी.

थेरपिस्ट 'श्रवण वय' असा शब्द वापरतात. यंत्र लागलं त्या दिवशी हे वय शून्य. भाचीचा दुसरा वाढदिवस झाला तेव्हा तिचं श्रवण वय ११ महिने होतं. शेजारच्या दोन वर्षांच्या मुलाशी तिची तुलना करण्यात अर्थच नव्हता. (हे नातेवाइकांना समजावणं हे एक वेगळंच काम असतं!)

यूट्यूब लावून दिलं तर शिकेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. याचं उत्तर एका प्रसिद्ध प्रयोगात आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ महिन्यांच्या, नीट ऐकू येणाऱ्या इंग्रजी घरांतल्या बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. काही बाळांशी समोर बसून माणूस खेळला, बोलला. काहींना तोच माणूस, तसंच बोलणं, पण टीव्हीवर दाखवलं. काहींना नुसता आवाज ऐकवला. अशी १२ सत्रं झाली. ज्यांच्याशी माणूस समोर बसून बोलला ती बाळं चिनीतले आवाज वेगळे ओळखायला शिकली. बाकीच्यांवर काहीच परिणाम नाही. नीट ऐकणाऱ्या बाळांची ही गत, तर यंत्रातून ऐकणाऱ्या बाळाकडून व्हिडिओने काय अपेक्षा ठेवायची?

फरक पडतो तो उलट प्रतिसादाने. बाळ 'आ' करतं, आपण 'आ? काय झालं?' म्हणतो, ते परत काहीतरी करतं. कार्टून थांबून वाट बघत नाही. म्हणूनच आजीचा व्हिडिओ कॉल मात्र मी यातून वगळतो. आजी थांबते, हसते, नाव घेऊन विचारते. दोन वर्षांच्या पुढची मुलं अशा थेट कॉलमधून नवे शब्द उचलतात. फक्त मोबाइल बाळाच्या जवळ ठेवा आणि पंखा-टीव्ही बंद करा.

रोज सकाळची दोन मिनिटं

यंत्र चालू आहे का, हे बाळ सांगू शकत नाही. त्यासाठी लिंग यांची सहा आवाजांची चाचणी आहे : आ, ई, ऊ, म, श, स. बोलण्यात लागणारे जाडापासून बारीक सगळे सूर या सहांत येतात. बाळाच्या बाजूला किंवा मागे बसायचं, म्हणजे त्याला ओठ दिसणार नाहीत, आणि नेहमीच्या आवाजात एकेक आवाज काढायचा. तोंडासमोर हात धरू नका, त्याने 'स' दबतो. छोटं बाळ थबकतं किंवा वळतं. थोडं मोठं झालं की प्रत्येक आवाजाला डब्यात एक ठोकळा टाकायला शिकतं. आधी अर्ध्या मीटरवरून, मग एका, मग दोन मीटरवरून. मध्ये मध्ये मुद्दाम गप्प राहायचं, नाहीतर हुशार पोरं अंदाजाने ठोकळे टाकतात.

निकाल नोट्स ॲपमध्ये लिहून ठेवा. काल 'स' ऐकला आणि आज नाही, तर बॅटरी उतरलीय, मोल्डमध्ये मळ अडकलाय किंवा सर्दीने कान भरलाय. हे त्याच दिवशी कळलं पाहिजे, नाहीतर बाळ आठवडाभर कानात बंद यंत्र घालून फिरतं.

हे सहा आवाज रेकॉर्ड करून मोबाइलवर वाजवले तर चालतील का? नाही चालणार. मोबाइलचा स्पीकर इवलासा असतो, त्याला जाड सूर नीट काढता येत नाहीत. 'म' आणि 'ऊ' अर्धवटच बाहेर पडतात आणि चाचणीच चुकते.

गंमत म्हणजे आपल्या जुन्या बाळबोलीत हे आवाज आधीपासूनच आहेत. गाय 'हम्माऽ', मांजर 'म्याऊ', बाळ झोपलंय 'शूऽऽ', गाडी 'भुर्रर'. थेरपिस्टने ताईला दिलेल्या यादीतले निम्मे आवाज आमच्या आजीला पाठ होते.

अंतर हा खरा शत्रू

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. यंत्राचा माइक बाळाच्या कानामागे असतो. तुम्ही स्वयंपाकघरातून मारलेली हाक तिथे पोहोचेपर्यंत कुकर, मिक्सर आणि पंख्यात मिसळून जाते, आणि यंत्र ते सगळंच मोठं करतं. म्हणून कानाजवळ जाऊन, साध्या आवाजात बोलायचं. ओरडल्याने अक्षरं फाटतात.

आणि काय बोलायचं? जे चाललंय तेच. शेवग्याच्या शेंगा निवडताना शेंगांबद्दल. कुकरची शिट्टी झाली की कानाकडे बोट दाखवून "ऐकलंस? कुकर!" आधी आवाज, मग वस्तू. बाळ 'पा' म्हणालं तर "पाणी हवं? थंड पाणी घे." आणि मग थांबायचं. दहा सेकंद गप्प राहणं आपल्याला फार जड जातं, पण बाळाला उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो.

मोबाइल इथे कामाला येतो

माझ्या मते सगळ्यात उपयोगी ॲप म्हणजे तुमची गॅलरी. दिवसभरात पाच-सहा फोटो काढा : दूधवाले काका, सांडलेले पोहे, ओला कुत्रा. रात्री बाळाला मांडीवर घेऊन तेच फोटो दाखवत बोला. स्वतःच्या दिवसाबद्दल बोलायला मुलांना आवडतं, आणि कालच्या गोष्टीवर आज बोलणं ही भाषेतली मोठी पायरी आहे. पूर्वी पालक यासाठी वहीत चित्रं चिकटवायचे.

दुसरं, आठवड्याला ३० सेकंदांचा व्हिडिओ. मूल थेरपिस्टसमोर गप्प बसतं आणि घरी बडबड करतं, त्यामुळे हा व्हिडिओ त्यांना फार उपयोगी पडतो. फाइलला तारखेचं नाव द्या. गावाकडे असाल तर थेरपीची काही सेशन्स व्हिडिओ कॉलवरही होतात. त्यात थेरपिस्ट मुख्यतः पालकांना शिकवतात, म्हणून ती चांगली चालतात.

आता ब्लूटूथ. आयफोनला जोडता येणारी श्रवणयंत्रं २०१३ पासून आहेत. अँड्रॉइड १० पासून बऱ्याच फोनमध्ये गूगलची 'आशा' नावाची सोय आली. एक सेटिंग मात्र आवर्जून बघा. यंत्र आईच्या फोनला जोडलेलं असेल तर आईला आलेल्या कॉलची रिंग थेट बाळाच्या कानात वाजू शकते! आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत हिअरिंग डिव्हाइसेसमध्ये जाऊन यंत्रात रिंगटोन वाजवणं बंद करा आणि कॉलचा आवाज यंत्राकडे न जाता फोनवरच राहील असं ठेवा. फोनवरून आवाज सोडताना काही यंत्रं स्वतःचा माइक मंद करतात, तेव्हा समोरचा माणूस बाळाला नीट ऐकू येत नाही. यंत्राच्या ॲपमधला व्हॉल्यूमही लॉक करून घ्या. बाळासाठी आवाज किती ठेवायचा हे ऑडिओलॉजिस्ट मोजून ठरवतात, आपण अंदाजाने खेळायचं नाही.

एअरपॉड्स प्रो २ मध्ये २०२४ साली श्रवणयंत्राची सोय आली, तीच लावली तर? ती १८ वर्षांवरच्या, सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या लोकांसाठी आहे. बाळासाठी अजिबात नाही. बोलणं लिहून दाखवणारं गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब छान आहे, पण ज्याला वाचता येत नाही त्याला काय उपयोग? शाळेत गेल्यावर बघू.

खुणांची भाषा शिकवली तर मूल बोलणार नाही, ही भीतीही मनातून काढा. बाळाला कुठली तरी भाषा पूर्ण मिळणं महत्त्वाचं, आणि काही मुलांना यंत्रातून पुरेसं ऐकू येतच नाही. दिल्लीच्या सरकारी संस्थेचं 'साइन लर्न' ॲप २०२२ मध्ये आलं, त्यात भारतीय सांकेतिक भाषेतले १०,००० शब्द आहेत.

यंत्राची काळजी आणि सरकारी मदत

बाळ जागं असेल तेवढा वेळ यंत्र कानात हवं. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात दमटपणाने यंत्रं बिघडतात, रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. झिंक-एअर बॅटरी आधी काढून घ्या, ती त्या डबीत लवकर संपते. नवी बॅटरी लावताना स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवा. बॅटरीचं झाकण लॉक होणारंच घ्या : बाळाने बटण सेल गिळला तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठायचा. बाळ वाढतं तसा मोल्ड सैल होऊन शिट्टी वाजायला लागते, तेव्हा नवा करायचा.

यंत्राने भागत नसेल तर डॉक्टर कॉक्लिअर इम्प्लांट सुचवतात. त्यात आतल्या कानात इलेक्ट्रोडची तार बसवतात आणि ती श्रवणाच्या नसेला थेट सिग्नल देते. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी ते चालू करतात आणि पुढे पुन्हा पुन्हा मॅपिंग करावं लागतं. खर्च लाखांत जातो, पण केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून ५ वर्षांपर्यंतच्या पात्र मुलांना मदत मिळते. त्याचं काम मुंबईत बांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आहे. ही संस्था १९८३ पासून चालू आहे आणि तिथे तपासणी व थेरपीही होते. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी येते, अंगणवाडी किंवा सरकारी दवाखान्यात विचारलं तर जिल्ह्याच्या केंद्राचा पत्ता मिळतो.

अर्ज करायच्या आधी बेराचा रिपोर्ट, ऑडिओग्राम, जन्मदाखला, आधार आणि उत्पन्नाचा दाखला स्कॅन करून ड्राइव्हमध्ये एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि तो आई-बाबा दोघांच्या फोनवर शेअर करा. प्रत्येक ठिकाणी हेच कागद पुन्हा मागतात.