फिरंगी, किरिस्ताव, ख्रिस्ती
मराठी समाजातील एका धर्मप्रतिमेची घडण

एखाद्या समाजात परक्या धर्माविषयी जे मत रूढ होते, ते त्या धर्माचे ग्रंथ वाचून बनलेले असते असे क्वचितच आढळते. ग्रंथ वाचणारे थोडे. त्या धर्माचे अनुयायी बाजारात, कचेरीत व पाणवठ्यावर कसे वागतात हे पाहणारे पुष्कळ. त्यातच त्या अनुयायांपैकी काहींच्या हाती राजसत्ता असेल, तर त्यांचे राजकारण हाच सामान्य जनांच्या दृष्टीने त्यांच्या धर्माचा पहिला पाठ ठरतो. मराठी भाषिक प्रदेशात ख्रिस्ती धर्माविषयी गेल्या पाच शतकांत जी मते बनली, बदलली आणि टिकली, त्यांचा विचार या दृष्टीने करण्यासारखा आहे. या कामी मराठी शब्दांची साक्ष विशेष उपयोगी पडते. बखरकार पक्षपाती असू शकतो, मिशनचा अहवाल लिहिणाराही असू शकतो. परंतु पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी बसलेला शब्द कोणा एकाच्या वकिलीसाठी घडविलेला नसतो.

१

‘फिरंगी’ हा शब्द ‘फ्रँक’ या युरोपीय लोकनामापासून निघून फारसीच्या वाटेने मराठीत आला. मराठी कागदपत्रांत तो मुख्यतः पोर्तुगीजांस उद्देशून येतो. ‘किरिस्ताव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. ‘पाद्री’ आणि ‘पाव’ हेही तिकडूनच आले. ‘ख्रिस्ती’ हे संस्कृत वळणाचे रूप शिष्टसंमत झाले ते पुढे, मुद्रित गद्याच्या काळात. पहिला शब्द राज्यकर्त्याचा, दुसरा त्याच्या अमलाखालील प्रजेचा आणि तिसरा केवळ धर्माचा, असा हा क्रम आहे. धर्माला राज्यापासून वेगळे असे नाव मराठीत सर्वांत शेवटी स्थिरावले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

याहून अधिक बोलका शब्द म्हणजे ‘बाटणे’ हे क्रियापद. त्याचा मूळ अर्थ विटाळणे, भ्रष्ट होणे असा. धर्मांतराच्या अर्थाने ते केवळ ख्रिस्ती धर्माच्या संदर्भात वापरले जात नसे. इस्लामच्या संदर्भातही वापरले जाई. परंतु त्याचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. ‘बाटणे’ अकर्मक आहे, ‘बाटविणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. बाटणाऱ्याने काही मानले, काही स्वीकारले, असा अर्थ त्यात कोठेही नाही. त्याच्या बाबतीत काहीतरी घडले, एवढेच त्यातून कळते. विहिरीत पाव टाकला आणि नकळत ते पाणी प्यायल्याने गावच्या गाव बाटले, ही कोकणात दूरवर पसरलेली लोकसमजूत या व्याकरणाशी पूर्णपणे जुळते. श्रद्धेस ज्या व्यवहारात जागाच नाही, असा धर्मांतराचा हा अर्थ आहे. तो कसा रूढ झाला, हे समजण्यासाठी गोव्याच्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

२

आफोंसो द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये गोवा जिंकला. पुढे तीस वर्षांच्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. मंगेशी, शांतादुर्गा इत्यादी देवता भाविकांनी फोंड्याच्या बाजूस, म्हणजे त्या काळच्या पोर्तुगीज हद्दीबाहेर, नेल्या. १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायपीठ स्थापन झाले. १७७४ ते १७७८ हा खंड सोडल्यास ते १८१२ पर्यंत चालू होते. त्याच्या अमलाचा जाच हिंदूंप्रमाणेच नवख्रिस्ती प्रजेलाही झाला. किंबहुना बाप्तिस्मा घेतलेल्याने जुने चालीरीतींचे धागे राखले की नाही, हा त्याच्या चौकशीचा एक प्रमुख विषय होता.

जुलै १५८३ मध्ये सासष्टी प्रांतातील कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले. त्यानंतर गावच्या प्रमुखांना वाटाघाटीच्या निमित्ताने असोळणे येथे बोलावून ठार करण्यात आले. देवळांचा विध्वंस, धर्मगुरूंची हत्या आणि विश्वासघाताने घेतलेला सूड यांची ही मालिका एकाच तालुक्यात घडली. त्याच सासष्टीत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट काम करीत होता. तो १५७९ मध्ये गोव्यास आला होता. मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांचे देह ताब्यात घेऊन त्यांच्या दफनाची व्यवस्था करण्याचे काम त्याच्याकडे आले. या घटनेनंतर तेहतीस वर्षांनी, १६१६ मध्ये, राशोल येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले.

सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात ख्रिस्ती कथा पुराणाच्या घाटात सांगितली आहे. स्वर्गासाठी त्याने ‘वैकुंठ’ हा शब्द योजला. मराठी भाषेची स्तुती मनापासून केली. नवख्रिस्ती श्रोत्यांना त्यांच्या पूर्वजांचे ओवीचे सुख परत द्यावे, ही जाणीव त्यामागे स्पष्ट दिसते. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. एतद्देशीय भाषा शिकणे हे आपले कर्तव्य मानणारा मिशनरी समाजाच्या किती जवळ जाऊ शकतो, याचा हा उत्कृष्ट दाखला होय.

परंतु राजसत्तेचा मार्ग वेगळा होता. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या स्वारीने गोव्याची सत्ता हादरली. पुढच्याच वर्षी, जून १६८४ मध्ये, व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला की, प्रजेने तीन वर्षांत देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. जी भाषा स्टीफन्सने धर्माचे वाहन केले, ती राज्याला शत्रूची खूण वाटू लागली. ‘ख्रिस्तपुराणा’ची परंपरा गोव्याबाहेरच्या मराठी साहित्यात रुजली नाही, याची कारणे अनेक आहेत, रोमन लिपी हे त्यांपैकी एक. तथापि गोव्याबाहेरच्या मराठी माणसापर्यंत ओवी पोचली नाही आणि इन्क्विझिशनची वार्ता पोचली, एवढे निश्चित.

वसई प्रांतातही हेच दिसते. धार्मिक जाचाला कंटाळलेल्या तेथील लोकांच्या वतीने अणजूरच्या नाईकांनी पेशव्यांकडे धाव घेतली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. तहानुसार पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्मपालनाची मोकळीक दिली. विजयाच्या खुणा म्हणून तेथील चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा त्यांपैकीच होय. मराठ्यांनी येथे राज्य आणि धर्म यांत भेद केला: फिरंगी गेला, ख्रिस्ती शेतकरी राहिला. वसईचा ख्रिस्ती समाज आजही मराठीच्या बोली बोलतो, त्यामागे या भेदाचा वाटा मोठा आहे.

३

ईस्ट इंडिया कंपनीचे धोरण पोर्तुगीजांच्या नेमके उलट होते. व्यापार आणि राज्य बिघडेल या भीतीने तिने मिशनऱ्यांना दूर ठेवले. १८१३ च्या आरंभी मुंबईस आलेल्या गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट या अमेरिकनांना तिने परत जाण्याचा हुकूम दिला होता. अखेरीस त्यांना राहू दिले गेले. त्यांच्या मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली, १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केले.

याच काळात मतांचा खरा वादविवाद प्रथम झाला. १८३०-३१ मध्ये मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांचा, व १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबाबा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचा वाद प्रसिद्ध आहे. सत्ता ज्याच्या पाठीशी उघडपणे उभी नाही, अशा धर्माशी मराठी समाज शब्दांनी लढला. राजकारण बाजूस झाले की सिद्धांत ऐकू येतो, हे यावरून दिसते.

तरीही जुने क्रियापद गेले नाही. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या अल्पवयीन मुलाला न्यायालयाने मिशनऱ्यांकडून काढून पित्याच्या स्वाधीन केले. इंग्रजी न्यायालयाचा निर्णय मिशनच्या विरुद्ध गेला, यावरून राज्य आणि मिशन एक नव्हेत हे सिद्ध झाले होते. परंतु मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, यावर जो वाद पेटला तो त्याच्या श्रद्धेविषयी नव्हता; त्याने मिशनऱ्यांच्या घरी अन्नपाणी घेतले होते, हा प्रश्न होता. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याचा पुरस्कार केला आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करला. पुढे सत्तेचाळीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १८९० रोजी, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली, तेव्हाही हेच घडले. टिळक आणि रानडे ख्रिस्तावर विश्वास ठेवू लागले, असे कोणाच्याही मनात आले नव्हते. तरी दोघांच्याही बाबतीत प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले.

४

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रश्नाला राष्ट्रीय रूप आले. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. संस्थेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असे आश्वासन होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, हे कळल्यावर ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. रमाबाईंची बाजू अशी की, आपली प्रार्थना त्यांनी लपविली नाही आणि कोणावर लादलीही नाही. टीकाकारांची बाजू अशी की, आश्रित विधवेच्या बाबतीत दार उघडे ठेवणे हेही एक प्रकारचे आमंत्रणच होय. हाच प्रश्न आश्रय देणाऱ्या प्रत्येक धर्मसंस्थेला आजही लागू आहे.

ज्या रमाबाईंना पुण्याने परकीयांच्या हातचे बाहुले ठरविले, त्यांनी इंग्लंडात आपल्या धर्मगुरूंशी कडाक्याचा वाद घातला होता. मांसाहार त्यांनी स्वीकारला नाही. क्रुसावरील अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल होता. समाजाला ही बाजू दिसली नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ती दिसेल अशी व्यवस्था केली. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी अभंग आणि भजन हीच आपल्या धर्माची भाषा केली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्याशाच्या वृत्तीने ‘देवाचा दरबार’ उभारला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ने उरलेले अंतर तोडले. त्यांचा जातिभेद आधी सुटला आणि बाप्तिस्मा नंतर झाला. म्हणजे ‘बाटणे’ या शब्दात जो क्रम गृहीत होता, तो येथे उलटला.

५

आतापर्यंतचे विवेचन बहुतांशी वरिष्ठ जातींच्या दृष्टीचे आहे. ‘समाज’ एकसंध नव्हता. ज्याला गावच्या विहिरीवर जाण्याचीच मनाई, त्याला ‘बाटण्या’चे भय दाखविण्यात अर्थ नव्हता. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही, परंतु ‘गुलामगिरी’त (१८७३) ख्रिस्ताला बळीराजाच्या परंपरेत स्थान दिले. नगर जिल्ह्यातील महार-मांगांना मिशनची ओळख शाळा आणि दुष्काळातील अन्न यांवरून झाली. आचरणावरूनच त्यांनीही मत बनविले; फक्त त्यांच्या वाट्याला आलेले आचरण वेगळे होते.

हीच कसोटी पुढे चर्चविरुद्धही लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्यास धर्मत्यागाची घोषणा केल्यावर अनेक धर्मांचे लोक त्यांच्याकडे आशेने पाहू लागले. ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीवरील, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लिखाणात मिशनच्या शिक्षण व वैद्यकीय कार्याची नोंद आहे. त्याबरोबरच जातिभेद चर्चमध्येही शिल्लक आहे आणि ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध राजकीय दृष्ट्या मुका आहे, असा ठपकाही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला. सत्तेशी जवळीक जशी धर्माची प्रतिमा मलिन करते, तशी अन्यायापुढील तटस्थताही करते.

६

शब्दांची शेवटची साक्ष ‘मिशन’ या शब्दाची. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थेस ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ हे नाव दिले. ‘मिशनरी वृत्तीने काम करणे’ हा वाक्प्रचार मराठीत निखळ स्तुतीचा आहे. ज्या समाजाने ‘बाटविणे’ हा शब्द विसरला नाही, त्यानेच हाही शब्द स्वीकारला. पहिला गोव्यातील सत्तेने दिला, दुसरा शाळा आणि दवाखान्यांनी.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत या कारणावरून काहींनी विरोध केला. निवड मात्र कायम राहिली. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन आणि हरित वसईच्या चळवळीतील त्यांचे कार्य महाराष्ट्राने पाहिले होते. विरोधाच्या मुळाशी १५६० ची स्मृती होती आणि पाठिंब्याच्या मुळाशी एका माणसाचे आयुष्यभराचे वर्तन. त्या दोहोंचे वजन एकाच तराजूत होत आले आहे. इतिहासकाराने पहिलीची नोंद पुसू नये आणि दुसरीची गाळू नये. धर्माच्या अनुयायांना मात्र बदलता येण्याजोगे पारडे एकच आहे, ते म्हणजे दुसरे.