आद्य ताऱ्यांचे स्फोट

आद्य तारे : महास्फोटानंतर सुमारे १० ते २० कोटी वर्षांनी पेटलेले विश्वातील पहिले तारे. ते घडले त्या वायूत वस्तुमानाने सुमारे ७५ टक्के हायड्रोजन व २५ टक्के हेलियम होता, लिथियम नावापुरते. कार्बन, ऑक्सिजन, लोह यांचा पत्ताच नव्हता.

हेलियमशी सिंधुदुर्ग जिल्ह्याचे जुने नाते सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून गेला. किल्ल्यातील ‘साहेबाचे कट्टे’ त्या निरीक्षणासाठी बांधले, असे मानतात. तेथे हेलियम दिनही साजरा होतो. मात्र हेलियमच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्येच होते. सौरज्वालांच्या वर्णपटातील हेलियमची पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबरात, ग्रहणाविनाच पाहिली. सूर्याच्या बाह्य थरांतील बहुतेक हेलियम पहिल्या ताऱ्यांहूनही जुना, महास्फोटानंतरच्या काही मिनिटांतला आहे.

आद्य ताऱ्यांचा वायू जड मूलद्रव्यांवाचून पुरेसा थंड होईना, त्यामुळे ढगांचे बारीक तुकडेही पडेनात. म्हणून आद्य तारे सूर्याच्या दसपट ते शेकडोपट वस्तुमानाचे झाले असावेत. त्यांतले मोठे काही दशलक्ष वर्षांतच इंधन संपवून बसले. सुमारे १० ते ४० सूर्यांएवढ्या ताऱ्यांचा गाभा कोसळून बाहेरचे थर उधळले गेले. सैद्धांतिक दृष्ट्या सर्वांत विलक्षण शेवट १४० ते २६० सूर्यांएवढ्यांचा. गाभ्याचे तापमान १०० कोटी अंशांपलीकडे गेले की गॅमा किरणांपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या बनू लागतात. ताऱ्याला तोलणारा प्रारणदाब घटतो, गाभा आकुंचन पावतो, ऑक्सिजन एकदम पेट घेतो आणि अख्खा तारा विखुरतो. मागे कृष्णविवरही उरत नाही.

या स्फोटांच्या राखेतील कार्बन व ऑक्सिजनमुळे वायू थंड होऊ लागला आणि लहान, दीर्घायुषी तारे घडू लागले. सिंधुदुर्गातील रेडीच्या खाणीतील लोह बहुतांशी नंतरच्या पिढ्यांचे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायात ओतल्याचे सांगतात ते शिसे तर बहुतेक मध्यम वस्तुमानाच्या ताऱ्यांच्या अखेरच्या काळात, आधीच्या लोहावर न्यूट्रॉन चढत जाऊन बनते. आद्य ताऱ्यांत ते बीजच नव्हते.

२०१४ मध्ये जाहीर झालेल्या एसएमएसएस ०३१३–६७०८ या ताऱ्यात लोह सूर्याच्या एक कोटीव्या हिश्शाहूनही कमी, पण कार्बन त्यामानाने भरपूर आढळला. एकाच आद्य ताऱ्याच्या क्षीण स्फोटात लोह कृष्णविवरात परत पडले असावे, असा त्याचा अर्थ लावतात. प्रत्यक्ष आद्य तारा निर्विवादपणे अद्याप दिसलेला नाही. आद्य ताऱ्यांच्या पुढच्या काळातील हायड्रोजनच्या रेडिओलहरी शोधण्याचा प्रयत्न पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने केला. त्यातून संकेताच्या तीव्रतेची कमाल मर्यादा तेवढी ठरली.