एका ताग्याची दिवाळी : बालवस्त्रांच्या शिलाईचा थोडा इतिहास

आपल्या समाजाच्या स्मरणिकांतून आजवर जे ऐतिहासिक लेखन झाले, त्यात श्रीसंत नामदेव महाराजांचे चरित्र, मंदिरांचे जीर्णोद्धार व विद्यार्थ्यांसाठी मिळालेल्या देणग्या यांना योग्य ते स्थान लाभले आहे. परंतु ज्या कामावर आपल्या पूर्वजांचे संसार चालले, त्या कामाचा इतिहास क्वचितच कोणी लिहिला. म्हणून त्यातील एक लहानसा विषय, म्हणजे दिवाळीस एका घरच्या सर्व भावंडांना एकाच कापडाचे कपडे शिवण्याची रीत, येथे वाचकांपुढे ठेवीत आहे.

ही रीत फार पुरातन आहे असे पुष्कळांस वाटते. मला ते पटत नाही. पूर्वी अंगावरचे बहुतेक वस्त्र न शिवलेले असे. धोतर, उपरणे, पागोटे, लुगडे यांना सुई लागत नाही. गावगाड्याच्या काही याद्यांत शिंप्याचे नाव बारा बलुतेदारांत न येता अलुतेदारांत येते, त्याचे कारणही हेच असावे. त्याच्यावाचून कुणब्याचे रोजचे अडत नसे. शिवण लागे ती चोळीला, अंगरख्याला आणि तान्ह्या मुलाला. मुलाची कुंची, झबले, टोपडे व दुपटे हा बाळंतविडा बहुधा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियाच हाताने शिवीत. नित्याची झबली आजोबांच्या जुन्या, मऊ झालेल्या धोतराची; सणाची कुंची मात्र खणाची, आणि उरलेल्या खणाचेच टोपडे. म्हणजे कापडाचा मेळ होता. परंतु तो एका बालकापुरता होता. चार भावंडांना एक कापड ही गोष्ट त्यानंतरची.

ती आली गिरणी, आगगाडी आणि शिवणयंत्र या तिघांमुळे. मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. १८६५ साली थळ घाट चढून आगगाडीचा मार्ग पुरा झाला व मुंबईचा माल नाशिकच्या पेठेस जवळ आला. हातमागावर धोतरजोडी किंवा लुगडे नगाने मिळे. गिरणीचे कापड ताग्याने येऊ लागले, आणि एकाच नक्षीचे हवे तितके वार फाडून मिळू लागले. अमेरिकेत आयझॅक सिंगर याने १८५१ साली पेटंट घेतलेले यंत्र १८७० नंतरच्या दशकात हिंदुस्थानात विकले जाऊ लागले. पुढे ही यंत्रे हप्त्यानेही मिळत, त्यामुळे बेताच्या ऐपतीच्या कारागिरास ती घेता आली. यंत्राविषयी साशंक असणाऱ्या महात्माजींनीही १९२४ साली एका संभाषणात सिंगरचे यंत्र आपल्या आक्षेपातून वगळले होते, हे आपल्या व्यवसायबंधूंस ठाऊक असावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. एका ताग्यातून कपडे शिवण्यात हौस होती, पण तिच्या मुळाशी हिशेब होता. छत्तीस इंच पन्ह्याचे पॉपलिन समोर अंथरले, की बेतणारा प्रथम थोरल्याच्या सदऱ्याची पाठ व पुढचे भाग आखी. त्यांच्या मुंड्याजवळ जी वाकडी जागा सुटे, तीत धाकट्याची बाही बसे. कडेच्या पट्टीत कॉलर व खिसे निघत, आणि अगदी शेवटच्या तुकड्यांतून तान्ह्याचे टोपडे. प्रत्येकाचे कापड निराळे घेतले तर तीन वार लागावे, ते काम कसबी हात अडीच वारांत उरकी. वाचलेल्या अर्ध्या वारात चवथे मूल सजत असे. यास बेतणे म्हणतात, आणि आमच्या वडीलधाऱ्यांच्या लेखी शिवणाऱ्यापेक्षा बेतणाऱ्याचा मान मोठा होता. शिवाय प्रत्येक कपड्यास खालून दुहेरी दाब ठेवीत. मूल वर्षभरात वाढले की आई तो दाब उसवी. जुन्या दुमडीची गडद रेघ पुढच्या दिवाळीपर्यंत त्या चड्डीवर वा परकरावर राही. कित्येकदा मूल दुकानात येतच नसे. गतवर्षीचा सदरा मापास येई, आणि "दोन बोटे वाढवा, मास्तर," एवढाच निरोप.

दसऱ्यास यंत्राची पूजा झाली की दिवाळीची गर्दी सुरू होई. दिवाळीनंतर पौषात पुन्हा थोडे काम निघे. बोरनहाणासाठी काळे झबले लागे. एरवी सणास वर्ज्य मानलेला काळा रंग संक्रांतीस चालतो, कारण थंडीत तो ऊब धरतो, असे सांगतात. त्या काळ्या कापडावर हलव्याचे पांढरे दागिने शोभून दिसत.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. यंत्राने लांब शिवणी झपाट्याने होऊ लागल्या. परंतु काजे, गुंड्या, तुरपाई, फ्रॉकच्या चुण्या आणि कुंचीची झालर ही कामे हातांकडेच राहिली, आणि ते हात आपल्या माता-भगिनींचे होते. दिवसाचा स्वयंपाक आटोपल्यावर कंदिलापाशी बसून त्यांनी केलेल्या काजांची गणना कोणत्याही वहीत नाही. दुकानाच्या पाटीवर वडिलांचे नाव, जमाखर्चात गिऱ्हाइकाचे नाव. काजे करणारीचे नाव कोठेच नाही. मजुरी तर दूरच. आपल्या स्मरणिकांतही हेच झाले. कारागीर म्हणून ज्यांची छायाचित्रे छापली, त्यांत स्त्री सहसा आढळत नाही. ही केवळ नजरचूक आहे असे मी मानीत नाही.

आणि शिंप्याची स्वतःची मुले? १९६० च्या सुमारास जन्मलेल्या आम्हा मुलांस ते चांगले आठवते. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री शेवटचे गिऱ्हाईक गेल्यावर आमचे कपडे यंत्रावर चढत. अंग एका कापडाचे, कॉलर दुसऱ्याची, खिसा तिसऱ्याचा. सारेच गिऱ्हाइकांनी मागे सोडलेले कातरण. पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर ते अंगावर येई, तेव्हा कधी एखादी गुंडी लावायची राहिलेली असे.

महायुद्धाच्या काळात ही रीत जवळजवळ थांबली. १९४३ साली कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला, आणि कापड मिळणे हीच दिवाळी झाली. १९४८ च्या आरंभी नियंत्रण उठले, भाव भडकले व त्याच वर्षी ते पुन्हा लादावे लागले. त्या दिवसांत थोरल्याचा सदरा उसवून, आतली बाजू बाहेर काढून धाकट्यास शिवीत. १९६२ नंतर सातपूरसारख्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या; १९६५ च्या कायद्याने बोनसला आधार मिळाला. मग कामगार कुटुंबे टेरिकॉटचे कापड घेऊन दुकानापुढे उभी राहू लागली. आमच्या व्यवसायाची ती भरभराट फार टिकली नाही. तयार कपड्यांनी लहान मुलांचे काम सर्वांआधी नेले, कारण त्यात माप थोडे मागेपुढे झाले तरी चालते. अलीकडे भावंडांना एकसारखे कपडे घालण्याची हौस पुन्हा दिसते. पण ते कपडे खोक्यातून निघतात.

जुन्या दुकानांच्या मापवह्या अजून काही घरांत असतील. आमच्या घरी एक आहे. तीत एका पानावर एकाच गिऱ्हाइकाच्या चार मुलांची छाती, उंची व बाही ओळीने लिहिली आहे, आणि समासात पेन्सिलीने बेतण्याची आकृती आहे. आकृतीखाली निराळ्या, वळणदार अक्षरात "काजे २२" असे लिहिले आहे. ते अक्षर माझ्या आजीचे. अशा वह्या रद्दीत देण्यापूर्वी समाजबांधवांनी त्या एकदा चाळून पाहाव्यात, आणि तीत काजे करणारीचे नाव सांगता येत असेल तर ते पहिल्या पानावर लिहून ठेवावे.