भातखाचर ते भूखंड : मोलाचा इतिहास

शेतजमिनीचे मोल तिच्या पिकावरून ठरते, तसेच उद्या तिच्यावर काय उभे राहणार या अपेक्षेवरूनही ठरते. नवी मुंबईचा इतिहास याची साक्ष देतो.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात येऊ लागल्या. १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये मोबदला अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाने ठरत असे. संपादनानंतरच्या वापरामुळे होणारी मूल्यवृद्धी हिशेबात धरण्यास कायद्यानेच मनाई होती. शेतकऱ्याच्या हाती खाचराचा भाव पडला. भूखंडाचा भाव इतरांस लाभला.

याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात मोठे आंदोलन झाले. गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ धारकास देण्याची योजना आकारास आली.

वाढत्या मोलात मूळ धारकाचाही वाटा असतो, हे तत्त्व त्या बलिदानातून रुजले. शहरालगतच्या शेतीचा सौदा करताना व्यापारी बांधवांनी त्याचे स्मरण ठेवणे उचित होय.